मधल्या गाठीची सून

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नदीला पूल नव्हता आणि म्हाताऱ्यांना दात होते.

नदीकाठी एक गाव होतं. औषध देणारी वैदीण मात्र पलीकडं राहायची. पुरात नाव चालायची नाही. मग आजाऱ्याला पलीकडं न्यायला गाव दोर काढायचं, जाडजूड, गाठीगाठीचा. एकेका गाठीला एकेक माणूस कमरेशी बांधायचं आणि सगळ्यांनी मिळून पाण्यात उतरायचं.

कोण कुठल्या गाठीला, ते दोरवाली म्हातारी ठरवायची. कसं? गावात नवी सून आली, की ही बया मागनं जाऊन तिच्या पाठीवर गार पाण्याची घागर रिकामी करायची! कुणी खिदळायची, कुणी किंचाळून शेजारणीला मिठी मारायची. म्हातारी तेवढंच बघायची: खिदळली ती बाहेरच्या गाठीला, किंचाळली ती मधल्या. पाटलालाही तिनं सोडलं नव्हतं. पाटील किंचाळला, त्याला मधली गाठ मिळाली. मानपान गेला खड्ड्यात.

पाण्यात उतरलं, की दोर आपोआप गोळा व्हायचा. पाण्याला भिणारे एकमेकांना बिलगून आत शिरायचे. पाण्यात रमणारे बाहेर राहून धार अंगावर घ्यायचे. दोघे लोहार भाऊ जवळ आले रे आले, की हातात हात अडकवायचे, ते काही केल्या सुटायचे नाहीत. एक ताठ कण्याचे आजोबा वाकायचेच नाहीत, म्हणून दोर नेमका त्यांच्यापाशी वळायचा. या सगळ्या गुंत्याच्या पोटात टोपलीएवढी खोबण व्हायची. तीत आजाऱ्याची टोपली बसली, की थेंब लागायचा नाही.

गावात एक सून होती. तिच्यावर घागर पडली तेव्हा ती अशी किंचाळली, की बैल दावं तोडून पळाला. तेव्हापासून तिचं नाव ‘भित्री’. मधली गाठ तिची. हसण्यावारी न्यायची बिचारी, पण आत सलायचं.

एका पुरात तिचंच तान्हं तापानं फणफणलं. डोळे फिरवायला लागलं. दोर निघाला. म्हातारी टोपलीत चिंध्या घालत होती, तेवढ्यात सुनेनं नणंदेचा हात धरला. नणंद नदीतच वाढलेली, बाहेरच्या गाठीची.

“वन्सं, आज तुमची गाठ मला द्या.”

“वैनी, आजीला विचारा की.”

“आजी नको म्हणेल. माझं लेकरू आहे. आई असून मधे दडली, असं लोक म्हणतील.”

नणंदेचं मन विरघळलं. दोघींनी गाठी बदलल्या. कोरड्यात काय कळतंय? दोर तसाच दिसत होता.

पाण्याची धार छातीवर आदळली आणि सुनेचं सगळं शौर्य वाहून गेलं. ती आत घुसायला लागली, तिच्यामागं दोर ओढला गेला. मधे नणंदेचा जीव घुसमटला, ती कोपरं मारत बाहेर निघाली. लोहारांचे हात पोचेनात. खोबण तिरकी झाली, टोपली कलली, पाणी आत शिरलं. पोराचं रडणं थांबलं.

“फिरा मागं!” म्हातारी काठावरनं ओरडली.

काठावर पोराला उपडं धरून पाठ चोळली. ते खोकलं, मग रडलं. तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास घेतला. म्हातारीनं गाठी पाहिल्या.

“हे कुणी केलं गं?”

“मी,” सून म्हणाली. “मला आज भ्यायचं नव्हतं, आजी.”

“अगं येडे, तुम्ही भित्री माणसं एकमेकांना घट्ट धरता, म्हणून तर मधला गाभा टिकतो! सगळेच शूर असते, तर जो तो आपल्या दिशेला पोहत गेला असता. जा आपल्या गाठीला. आणि आता नीट भी बघू. मनापासून भी.”

दुसऱ्यांदा दोर उतरला. सुनेनं लाज सोडली आणि पाटलाच्या मानेला मिठी मारली.

“अगं, मुंडासं गेलं!” पाटील ओरडला, पण त्यानंही तिला सोडलं नाही. बाहेर नणंद धारेला छाती लावून उभी राहिली. आजोबांपाशी दोर वळला, लोहारांचे हात अडकले, खोबण झाली. टोपली सुनेच्या खांद्याशी टेकली. सबंध नदीभर ती फक्त पोराचा तापलेला श्वास ऐकत होती. थांबला का? नाही. आता? नाही, चाललाय.

वैदिणीनं काढा पाजला. उजाडता उजाडता ताप उतरला. पण कानात गेलेल्या पाण्यानं पोराचा एक कान कायमचा मंद झाला.

पोर मोठं झालं. एक दिवस म्हातारीनं मागनं येऊन त्याच्यावर घागर ओतली. ते किंचाळत जाऊन आईला असं बिलगलं, की दोघं पडली.

“मधली गाठ!” म्हातारी म्हणाली.

“माझ्या शेजारची,” सून म्हणाली, आणि आता ती खरंच हसली.

बाळांनो आणि थोरांनो, स्वभाव कुणाचाच वाईट नसतो. पण एकाची जागा चुकली, की सगळ्यांची घडी विस्कटते.