वाटी आणि लाल स्प्रिंग

गाडीचे सुटे भाग एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. घाटातल्या शर्यतीसाठी गाडी थोडी ठेंगणी करायची म्हणून नीलांबरीने आखूड, लाल स्प्रिंगा आणल्या. गॅरेजवाले कासमचाचा त्या बसवायला लागले.

"अगं, जरा वळ," एका स्प्रिंगखालची लोखंडी वाटी म्हणाली. "तुझं टोक माझ्या खाचेत बसू दे."

"मी नवीकोरी आहे. तूच जमवून घे," स्प्रिंग फणकारली आणि तशीच वाकडी बसली.

नीलांबरी गाडी चालवून पाहायला निघाली, तर पहिल्याच वळणावर स्प्रिंग खाडकन सरकली. गाडी एका बाजूला कलली. ती कशीबशी गॅरेजमध्ये परत आली. "चाचा, जुन्याच बसवा. शर्यत राहू दे."

चाचांनी गाडी उचलून स्प्रिंगला हात घातला. समोर भंगाराचा ढीग दिसताच तिचा ताठा उतरला. "वाटीताई, कुठे वळू?"

"उजवीकडे. अजून थोडी. हां!"

टोक टक्कन खाचेत बसले. चाचा चमकले. "पोरी, स्प्रिंग चांगली आहे. मीच घाईत वाकडी बसवली." मग गाडी चाकांवर उतरवून, तिचा पुरता भार पडल्यावरच त्यांनी बोल्ट आवळले.

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर एकच गाडी पुढे होती.

"ताई, धरलंस ना?" स्प्रिंग ओरडली.

"घट्ट! तू दाब खुशाल!"

स्प्रिंग सगळ्या ताकदीनिशी दबली. गाडी रस्त्याला चिकटून वळली आणि पहिली माथ्यावर पोचली. नीलांबरी टपावर चढून नाचली.

"जिंकलो!" खाली दोघी एकदमच म्हणाल्या.