ठिपकी निघाली दिल्लीला

एक होती मुंगी. एवढीशी! पेन्सिलीनं ठिपका काढावा ना, तेवढीशी. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकी राहायची मिरजेला, कुंभोजकरांच्या घरी. ओट्यामागे एक फट होती. त्या फटीत.

कुंभोजकर निघाले होते दिल्लीला. पहिल्यांदाच! आई, बाबा, आजी, आजोबा आणि छोटी कुहू. गणपतीत ठरलं, दिल्लीला जायचं. दिवाळीत पुन्हा ठरलं, दिल्लीला जायचं. आता थंडी पडली. आज निघायचा दिवस उजाडला. आणि तरी यांचं आपलं ठरतच होतं!

ठिपकीच्या घरी मात्र झटपट ठरलं.

मुंगीआई म्हणाली, "कुंभोजकरांची बॅग. बॅगेत डबा. डब्यात लाडू. लाडवावर आपण. झालं!"

ठिपकी म्हणाली, "आई, दिल्लीत काय बघायचं गं?"

"दिल्लीत आहे एक मिनार. उंचच्या उंच! मान वर करायची. अजून वर करायची. अजून वर करायची. मग दिसतो."

सगळ्या मुंग्या निघाल्या. एकीमागे एक. तुरूतुरू, तुरूतुरू. बॅगेत गेल्या. डब्यात गेल्या. लाडवावर बसल्या.

ठिपकी थांबली. म्हणाली, "पण वाटेत भूक लागली तर?"

बसायचं लाडवावर, आणि हिला भुकेची काळजी! ती गेली साखरेचा दाणा आणायला. दाणा घेतला डोक्यावर. परत आली तुरूतुरू. बघते तर काय?

कर्रर्र! बॅगेची चेन बंद!

कुहूच्या आईनं बॅगेवर बसून चेन लावली होती. अगदी घट्ट. वारासुद्धा आत जाईना. मग मुंगी कुठून जाणार?

आतून बारीक आवाज आला. "ठिपके! ए ठिपके! कुठे राहिलीस गं?"

आई आत. ताई आत. मावशी आत. ठिपकी एकटी बाहेर. आणि रिक्षा तर आत्ता येईल! ठिपकीला रडूच आलं. पण तिनं नाक पुसलं. दाणा सावरला. आणि चेनीपाशी गेली.

"चेनताई, चेनताई, उघड ना!
ठिपकी जाईना दिल्लीला!"

चेन म्हणाली, "अं हं! आईनं ओढल्याशिवाय मी नाही उघडायची."

ठिपकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. गेली कुहूच्या आईकडे. आई कानटोप्या मोजत होती.

"कुहूची आई, कुहूची आई, चेन ओढा ना!
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

लाडवांचं मात्र ती काही बोलली नाही. ते गुपित हं!

आई म्हणाली, "अगं, बाबांचा स्वेटर राहिलाय बॅगेत घालायचा. आणि बाबा बसलेत त्या स्वेटरवर! अं हं! बाबा उठल्याशिवाय मी नाही ओढायची."

ठिपकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. गेली कुहूच्या बाबांकडे. बाबांनी दिल्लीचा नकाशा पसरला होता. नकाशावर ते दोन बोटांनी चालत होते. टक टक, टक टक. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

"कुहूचे बाबा, कुहूचे बाबा, उठा ना!
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

बाबा म्हणाले, "कसा उठू? आधी मिनार की आधी किल्ला? तेच कळेना! अं हं! आजोबांनी ठरवल्याशिवाय मी नाही उठायचा."

ठिपकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. गेली आजोबांकडे. आजोबा खुर्चीत होते. डोळे मिटलेले. घुर्रर्र, घुर्रर्र.

"आजोबा, आजोबा, ठरवा ना!
बाबा उठेनात,
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

आजोबा दचकले. म्हणाले, "मी झोपलो नव्हतो! मी विचार करत होतो. अं हं! आजी हो म्हटल्याशिवाय मी नाही ठरवायचा."

ठिपकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. गेली आजीकडे. आजी नवी साडी नेसून तयार! हात पुढे करून बसली होती. हातावर काहीच नव्हतं.

"आजी, आजी, हो म्हणा ना!
आजोबा ठरवेनात,
बाबा उठेनात,
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

आजी म्हणाली, "गावाला निघताना हातावर दही घालतात, बाई. आणि हे गाव म्हणजे दिल्ली! दही पडल्याशिवाय प्रवासाचं बोलायचंसुद्धा नाही. अं हं! दही आल्याशिवाय मी नाही हो म्हणायची."

बाहेर आवाज आला. पों पों! आली! रिक्षा आली!

ठिपकी पळाली. तुरूतुरूतुरूतुरू! गेली दह्याकडे. दही होतं पातेल्यात. पातेलं होतं खाली, जमिनीवर. पातेल्यावर झाकण. आणि झाकणावर बसला होता बोका!

"दहीबुवा, दहीबुवा, या ना!
आजी हो म्हणेना,
आजोबा ठरवेनात,
बाबा उठेनात,
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

दही आतून बोललं. बुळुक बुळुक. "कसं येऊ? वर हा ढब्बू बोका! अं हं! बोका हलल्याशिवाय मी नाही यायचं."

ठिपकीनं मान वर केली. बोका गुरगुरत होता. आला होता दही खायला, आणि बसला झाकणावरच! शहाणाच की नाही?

"बोकोबा, बोकोबा, हला ना!
दही येईना,
आजी हो म्हणेना,
आजोबा ठरवेनात,
बाबा उठेनात,
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

बोका म्हणाला, "म्याँव! हलू कसा? मागे बघ माझ्या! अं हं! कुहूनं शेपूट सोडल्याशिवाय मी नाही हलायचा."

ठिपकीनं मागे बघितलं. मागे बसली होती कुहू. गाल फुगवून. ओठ बाहेर काढून. बोक्याचं शेपूट मुठीत, अगदी घट्ट.

"कुहूबाई, कुहूबाई, शेपूट सोड ना!
बोका हलेना,
दही येईना,
आजी हो म्हणेना,
आजोबा ठरवेनात,
बाबा उठेनात,
आई ओढेना,
चेन उघडेना,
ठिपकी जाईना दिल्लीला!"

कुहू म्हणाली, "नाही."

पों पों! बाहेरून रिक्षावाले मामा ओरडले, "चला की हो काका! गाडी काय थांबायची न्हाई!"

मग काय, घरात एकच गोंधळ!

आई ओरडली, "अहो, उठा!"
बाबा ओरडले, "आजोबा, ठरवा!"
आजोबा ओरडले, "अगं, हो म्हण!"
आजी ओरडली, "कुणीतरी दही आणा!"
बोका ओरडला, "म्याँव!"
आणि सगळे मिळून ओरडले, "कुहू, शेपूट सोड!"

कुहूनं आणखी घट्ट धरलं. "नाही, नाही, नाही!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच. बॅगेतली आई चालली दिल्लीला. ठिपकी राहणार मिरजेला. एकटी. त्या फटीत. ठिपकीला फार वाईट वाटलं.

ती कुहूच्या पायापाशी बसली. कुहूकडे बघितलं. कुहूचेही डोळे भरले होते.

ठिपकी हळूच कुहूच्या अंगठ्यावर चढली. चावली का? छे! चावली नाही. तिनं विचारलं,

"कुहूबाई, तुला काय बघायचंय गं दिल्लीत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. हे कुणी विचारलंच नव्हतं! गणपतीत नाही. दिवाळीत नाही. बाबांना मिनार बघायचा होता. आजोबांना किल्ला बघायचा होता. कुहूला काय बघायचंय? कुणालाच माहीत नव्हतं.

कुहूनं अंगठ्याकडे बघितलं. अंगठ्यावर ठिपकी. ठिपकीच्या डोक्यावर दाणा. कुहूनं बोट पुढे केलं.

"मुंगी."

ठिपकी म्हणाली, "मी?"

"मुंगी. दिल्लीत मुंगी."

"अगं, मग मला दिल्लीला न्यायला नको का?"

कुहूनं विचार केला. खूप विचार केला. आणि म्हणाली,

"हो."

आणि मूठ उघडली!

कुहूनं शेपूट सोडलं.
बोका हलला. टुण्णकन उडी!
झाकण पडलं. खण्णखण्णखण्ण!
दही आलं. छप्पकन आजीच्या हातावर!

आजी हो म्हणणार, एवढ्यात तिनं हाताकडे बघितलं. "अगं बाई! दह्यावर साखर नाही?"

अरे देवा! साखरेचा डबा तर वरच्या फळीवर! आई पळाली स्टूल आणायला. स्टूल कुठे दिसेना. पों पों पों!

ठिपकीनं डोक्यावरचा दाणा बघितला. तिच्या वाटेतल्या भुकेचा दाणा. एकच होता. तिनं तो उचलला आणि टाकला आजीच्या दह्यात. टप्प!

आजीनं दही चाटलं. "गोड!" म्हणाली. "आता हो! हो, हो, हो!" कशाला हो, ते तिनं विचारलंच नाही.

आजोबांनी ठरवलं. "आधी मिनार!"
बाबा उठले. "मी हेच म्हणत होतो!"
खाली स्वेटर. बसून बसून पापडासारखा चपटा!
आईनं स्वेटर उचलला. आईनं चेन ओढली.
कर्रर्र! चेन उघडली.

ठिपकी निघाली, तुरूतुरू. आजी म्हणाली, "थांब! असं नाही जायचं. उजवा हात पुढे कर."

ठिपकीनं सगळे हात पुढे केले. ते होते सहा!

आजी म्हणाली, "यातला उजवा कुठला गं, बाई?"

ठिपकीलाही माहीत नव्हतं. मग आजीनं दही लावलं तिच्या नाकाला. आणि ठिपकी गेली बॅगेत. गेली डब्यात. मुंगीआईनं तिला जवळ घेतलं. नाकावरचं दही पुसलं. "आलीस गं माझी ठिपके!" म्हणाली.

पों पों! निघाली रिक्षा. झुकझुक झुकझुक! निघाली गाडी.

गाडीत आजीनं डबा उघडला. "अगं बाई! लाडू लहान कसे झाले?"

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं.

"मी नाही खाल्ला!" आजोबा म्हणाले. कुणाला पटलं नाही.

आणि मग आली दिल्ली!

सगळे गेले मिनारापाशी, लाडवांचा डबा घेऊन. बाबांनी मान वर केली. आईनं मान वर केली. आजीनं वर केली. आजोबांनी वर केली, तर कानटोपीच मागे पडली.

"अबब! केवढा उंच!"

कुहूनं मात्र मान खाली केली. खाली जमिनीवर मुंग्या चालल्या होत्या. एकीमागे एक. तुरूतुरू, तुरूतुरू. सगळ्यांत मागे होती एवढीशी ठिपकी.

"मुंगी!" कुहू ओरडली. "माझी मुंगी! दिल्लीत मुंगी!"

आई म्हणाली, "अगं, वर बघ, वर! मुंग्या काय, मिरजेलाही आहेत!"

कुहूनं काही ऐकलं नाही. ती तिथंच बसली. टाळ्या वाजवायला लागली.

ठिपकी थांबली. तिला मुंगीआईचं सांगणं आठवलं. मान वर करायची. तिनं मान वर केली. अजून वर केली. अजून वर केली.

आधी दिसला बूट. मग दिसला फ्रॉक. मग दिसली कानटोपी. आणि कानटोपीत एक गोल गोल तोंड, आभाळाला टेकलेलं!

ठिपकी ओरडली, "आई गं! दिसला! मला मिनार दिसला!"

आणि मिनार खुदकन हसला.