कोवळ्या पानांचा चहा

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे त्यांचा जुना शिष्य भल्या सकाळी आला. आता तो स्वतः नावाजलेला वैद्य होता, पण त्या दिवशी आला तो एका मुलीचा बाप म्हणून. पत्नी वारल्यापासून त्याची मुलगी जवळजवळ बोलेनाशी झाली होती. त्याने समजावले, रागावून पाहिले, शेजारणींना बोलावले, "मनात काय आहे ते सांग" म्हणून रोज तिच्या खनपटीला बसला. मुलगी अधिकच मिटत गेली. अखेर तिला दूरच्या मामाकडे ठेवायचे ठरवून त्याने तिचे कपडेही बांधले होते.

"गुरुजी, एखादा जालीम काढा द्या," तो म्हणाला. "तिनं बोलावं, मोकळं व्हावं. नाहीतर उद्या गाडीत बसवतो तिला."

गुरुजींना तऱ्हेतऱ्हेच्या चहांचा भारी शौक. फळीवर डबेच डबे: आसामचा कडक चहा, गवती चहा, सुंठ, ज्येष्ठमध, वाळलेल्या गुलाबपाकळ्या. त्यांतला एक त्यांनी पुढे केला. "हिरवा चहा आहे, डोंगरातल्या कोवळ्या पानांचा. आधी हा कर. घोटभर घेऊ, मग काढ्याचं बघू."

शिष्याने तो केला, आपण सगळेच करतो तसा. पाने पाण्यात टाकली आणि खळखळून उकळू दिली. रंग उतरेना, म्हणून जाळ वाढवला. बाकी स्वयंपाक येवो न येवो, चहा उकळायचा असतो एवढे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते! पहिल्याच घोटाला त्याचे तोंड वाकडे झाले.

"कडूजहर आहे हो. पानंच खराब निघाली."

गुरुजींनी पुन्हा पाणी तापवले. उकळी फुटणार तोच भांडे खाली उतरवले, चुलीतली लाकडे बाहेर ओढली आणि त्यांवर चक्क तांब्याभर पाणी ओतले. भर सकाळी पेटती चूल विझवलेली पाहून शिष्य दचकलाच. गुरुजींनी त्याच डब्यातली चिमूटभर पाने गरम पाण्यात टाकली, वर झाकण ठेवले आणि स्वस्थ बसले. शिष्याचा हात सारखा झाकणाकडे जाई, आणि गुरुजी तो धरून ठेवत.

मग त्यांनी चहा गाळून दिला. रंगाने फिकट, पण गोडसर आणि सुवासिक होता.

"पानं तीच?" शिष्याने विचारले.

"तीच. सुंठेला जाळ लागतो, त्याशिवाय ती गुण सोडत नाही. ही पानं कोवळी, यांना ऊब पुरते. ती द्यायची आणि थांबायचं. आपण जाळ वाढवतो, ती कडू होतात, आणि वर आपणच म्हणतो, पानं खराब निघाली." मग गुरुजींचा आवाज हळू झाला. "अरे, पोरीची आई गेलीय. तिला काढा कसला पाजतोस? जवळ बस तिच्या."

शिष्याचे डोळे भरून आले. काढा न घेताच तो परतला.

घरी येऊन त्याने बांधलेले कपडे पुन्हा फडताळात ठेवले. मुलगी मेथी निवडत होती. तो शेजारी बसला आणि काही न विचारता निवडू लागला. दुसऱ्या दिवशीही बसला, आणि त्यानंतरही रोज बसत राहिला. गप्प राहणे त्याला फार जड गेले.

एका संध्याकाळी मुलगी खाली मान घालूनच म्हणाली, "बाबा, आई फोडणीत लसूण जास्त घालायची."

कितीतरी प्रश्न त्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने फक्त लसणाची वाटी तिच्यापुढे सरकवली. ती आणखी काही बोलली, मग आणखी काही. मध्येच रडली आणि पुन्हा बोलतच राहिली. चुलीवरचा भात करपला. दोघांपैकी कुणीही उठले नाही.