गाठी घातलेलं कुंपण

फार फार पूर्वी, लांडगे माणसांसारखे बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत नसत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या अगदी शेवटी, जिथून रान सुरू होई, तिथे एका म्हातारीचं घर होतं. घरात म्हातारी, तिची सून आणि पाच महिन्यांची नात. मुलगा राजाच्या फौजेत होता आणि वर्षातून एकदा, सुगीला, घरी यायचा.

अंगणात एक काळी शेळी होती आणि तिची दोन करडं. सुनेच्या अंगावर दूध कमी होतं, म्हणून नातीचं पोट या शेळीवर चाले. आणि शेळी, करडं, नात, या सगळ्यांच्या भोवती होतं एक कुंपण. रान आणि ते घर यांच्यामध्ये दुसरं काहीही नव्हतं.

हे कुंपण म्हातारीच्या नवऱ्यानं घातलं होतं. त्यानं वीस डांब रोवले, त्यांना बांबूच्या कामट्या आडव्या बांधल्या, आणि काम पुरं झाल्यावर आठ दिवसांतच तो तापानं गेला. त्याला आता बारा वर्षं झाली होती. म्हातारीनं त्याचं धोतर कुणाला देऊन टाकलं, पागोटं कुणाला देऊन टाकलं. कुंपण काही कुणाला देता येत नाही, म्हणून ती ते जपत राहिली.

जपत राहिली म्हणजे कसं, ते ऐका. पाऊस सरला की गावातले सगळेच आपापली कुंपणं नीट करत. म्हातारी अंबाडीचा दोर वळून घेई आणि कुंपणाभोवती फिरू लागे. कामटी निसटली असली की गाठ. डांब डुगडुगत असला की शेजारच्या डांबाला ओढून गाठ. पुढच्या वर्षी तो शेजारचाही डुगडुगायला लागे, मग दोघांना मिळून तिसऱ्याशी गाठ. बारा वर्षांत त्या कुंपणावर इतक्या गाठी बसल्या की चिमणीला चोच घालायला जागा उरली नाही. गावातल्या बायका पाण्याला जाताना बघत आणि गालातल्या गालात हसत.

गाठी मारून झाल्या की म्हातारी कोयता घेई. मागच्या बाजूच्या तीन डांबांना दरवर्षी पालवी फुटायची. पालवी वाढली की कुंपणाची रेघ बिघडे, आणि नवऱ्यानं काम संपवलं त्या दिवशी कुंपण जसं होतं तसंच ते राहिलं पाहिजे, हा तिचा हट्ट होता. म्हणून ती कोवळे फुटवे सपासप छाटून टाकी आणि मगच जेवायला बसे.

सुनेला हे कुंपण डोळ्यांसमोर नको झालं होतं. तिच्या माहेरचं कुंपण सरळ, गुळगुळीत, एकसारख्या डांबांचं होतं. ती म्हणायची, हे सगळंच्या सगळं उपटून चुलीत घालू आणि नवं घालू. म्हातारी म्हणायची, मी मेल्यावर घाला. दोघींचं दरवर्षी यावरून वाजे. खरं सांगायचं तर दोघींनीही ते कुंपण कधी नीट पाहिलं नव्हतं. एक ते मायेनं बघायची आणि दुसरी वैतागून.

त्या वर्षी नात रांगण्याच्या बेतात होती, म्हणून सुनेनं विषय पुन्हा काढला. या खेपेला ती भांडली नाही, शांतपणे बोलली.

"आत्याबाई, ह्ये कुंपन मामंजींचं ऱ्हायलंय कुठं? आता ह्ये निस्त्या तुमच्या गाठींचं हाय."

म्हातारीच्या ते फार जिव्हारी लागलं. ती दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आणखी दोर वळला.

आता डोंगरात लांडग्याची एक जोडी राहत होती. एका संध्याकाळी दोघं उतरून कुंपणापाशी आली. लांडगीण तरुण होती. तिनं मान वर करून बघितलं आणि ती म्हणाली, "केवढ्या या गाठी. इथे आपला पाड लागायचा नाही, चला दुसरीकडे."

लांडगा वयानं मोठा होता. तो म्हणाला, "वर कशाला बघतेस? माणसं वर बांधत बसतात. आपण खाली हुंगायचं."

आणि तो एकेका डांबाच्या बुंध्याशी नाक लावत निघाला. जिथे लाकूड मातीत शिरतं, तिथे ओल साचते, वाळवी लागते, आणि कुजल्याचा वास लांडग्याच्या नाकाला बरोबर कळतो. चौथ्या डांबाशी तो थांबला आणि त्यानं खांदा लावून नुसतं रेटलं. तो डांब बुडाशी मोडला. तो शेजारच्याला बांधलेला, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, म्हणून एकानं दुसऱ्याला ओढलं आणि सात डांबांचा पट्टा एकाच वेळी आडवा झाला.

आवाज ऐकून सून घरातून धावली, म्हातारी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावली. लांडगे पळाले, पण एक करडू घेऊन पळाले. नात घरात होती म्हणून वाचली. सुनेनं तिला उचलून छातीशी धरलं.

म्हातारी मात्र पडलेल्या कुंपणाकडे बघत राहिली. एवढा पट्टा जमिनीवर पसरला होता आणि त्यातली एकही गाठ सुटली नव्हती.

शेळीनं धसका घेतला आणि तिचं दूध आटलं. नात भुकेनं रडू लागली. सून शेजारीपाजारी वाटी घेऊन दूध मागत फिरू लागली, आणि कुणी काही विचारलं तर खाली मान घालून उभी राही. म्हातारीला ते बघवेना. तिच्या गाठींनी काय केलं ते तिला दिसत होतं, पण तोंडानं कबूल करायला जीभ वळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर त्या वाटेनं आला. पडलेलं कुंपण बघून तो थांबला. सून त्याला म्हणाली की बाबा, तुमच्या हातात कुऱ्हाड आहे, तेवढं उरलेलंही पाडून द्या. म्हातारी म्हणाली की नको, उरलेल्याला हात लावू नका. धनगर दोघींचं ऐकून घेऊन हसला. मग तो गुडघ्यांवर बसला, कमरेचा सुरा काढला आणि एकेका डांबाशी, अगदी मातीलगत, टोक दाबून बघत पुढे सरकू लागला. बारा वर्षांत त्या कुंपणापुढे असं वाकून कुणीच बसलं नव्हतं.

पडलेले सात धरून बारा डांबांत सुरा लोण्यात शिरावा तसा शिरला. ते वरून धट्टेकट्टे दिसत होते आणि खालून संपले होते. पाच डांब काळेकुट्ट, तडकलेले, कुरूप होते. सून म्हणाली, हे आधी काढा. पण त्यांच्यात सुऱ्याचं टोक जाईना.

"ऱ्हाऊ दे, पोरी," धनगर म्हणाला. "खैर हाय त्यो. तुज्या लेकीच्या लेकीलाबी पुरंल."

मग तो मागच्या बाजूच्या तीन डांबांपाशी आला. तिथे त्यानं सुरा वापरलाच नाही. बोटांनी थोडी माती उकरली. आत हाताच्या मनगटाएवढी मुळं गेली होती. ते डांब पांगाऱ्याचे होते. म्हातारीच्या नवऱ्याला लाकूड कमी पडलं असेल, किंवा त्यानं मुद्दामच केलं असेल, पण त्यानं ते ओले रोवले होते. पहिल्या पावसात ते रुजले. पुढे काय करायचं ते सांगायला तो राहिला नाही.

धनगरानं छाटल्याच्या जुन्या खुणांवरून हात फिरवला आणि हे कुणी केलं, असं विचारलं. म्हातारीनं सांगितलं की मीच, दरसाल.

धनगर म्हणाला, "माय, जे मेलंय त्ये तू बांदून ठिवतीस, आन् जे जितं हाय त्ये छाटतीस."

म्हातारी मटकन खाली बसली. नवरा गेला तेव्हाही ती चार माणसांत रडली नव्हती, ती तेव्हा रडली. बारा वर्षं तो तिथे उभा होता, दर पावसाळ्यात नव्यानं हात पुढे करत होता, आणि आपण दरवर्षी कोयता घेऊन गेलो, हे तिला कुणाच्या सांगण्याची गरज उरली नाही. सुनेनं नातीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि ती शेजारी बसली. दोघींपैकी कुणीच कुणाला दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं स्वतः गाठी कापल्या. कुजलेले बारा डांब तिनं आपल्या हातांनी ओढून काढले आणि चुलीपाशी रचले. खैराचे पाच जिथल्या तिथे ठेवले. मोकळ्या जागी त्या वर्षापुरत्या बोरीबाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या, आणि दिवस कलला की शेळीला घरात घ्यायचा नेम केला. शेळीला हळूहळू पान्हा फुटला. पांगाऱ्याला त्या वर्षी कुणी हात लावला नाही.

दोन पावसाळे गेले. तिन्ही पांगाऱ्यांना दंडाएवढ्या फांद्या आल्या. सासूसुनांनी त्या फांद्या तोडून मोकळ्या जागी रोवल्या आणि बघता बघता त्याही रुजल्या. कुंपण आता सरळ राहिलं नाही. ते कुठे जाड होतं, कुठे झुकलेलं होतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ते लाल फुलांनी भरून जाई.

एका संध्याकाळी लांडगे पुन्हा आले. म्हाताऱ्या लांडग्यानं सवयीप्रमाणे खाली नाक लावलं, एक डांब हुंगला, दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. मग तो लांडगिणीला म्हणाला, "चल. इथे खाली कुणीतरी धरून बसलंय."

पाऊस सरला की अजूनही म्हातारीचा हात आपोआप कोयत्याकडे जाई. कुंपणापाशी जाऊन ती एखाद्या कोवळ्या फुटव्यावर कोयता उगारी, मग तिला आठवे, आणि ती तो खाली घेई. त्या फुटव्यावरून ती नुसता हात फिरवी आणि घरात जाऊन नातीला मांडीवर घेई.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: काय राखायचं आणि काय काढायचं हे गाठींवरून नव्हे, मुळाशी वाकून ठरवावं.