जामीनदाराची सही

दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. रेवाताईच्या नर्सिंगच्या सरकारी कर्जाला तोच जामीनदार राहणार होता. आता त्याच्या जागी मी. आज शेवटची तारीख होती. सही झाली नाही, तर ताईचा प्रवेश जाणार होता.

मी सातवीत शाळा सोडलेला. कागदपत्रं सगळी दादाच बघायचा. कराराची अकरा पानं उलटून मी विचारलं, "ताईला लगेच नोकरी नाही लागली, तर काय?"

कर्ज कचेरीतले वाघचौरे साहेब हसले. "बाळा, हे समजायला डोकं लागतं. तू फुलीजवळ सही कर."

ताईनं माझा हात दाबला, पण मला राहवलं नाही.

"करतो की, साहेब. फक्त इथं छापलंय, 'वाचून, समजून सही केली.' तेवढं खोडा आणि तुमच्या हातानं लिहा, 'जामीनदाराला डोकं नाही, तरी सही घेतली.' खाली तुमचा शिक्का मारा."

साहेबांनी करार स्वतःपुढे ओढला. मग चष्मा चढवून, मला खुर्ची देऊन, त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर तेच म्हणाले, "अरे, शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नाही होय!"

मी सही केली. "बरं झालं, साहेब. आता दोघांनाही समजलं."