पांजरपोळातलं खत

माणसाने अजून नांगर धरला नव्हता, तेव्हा म्हाताऱ्या जनावरांचा एक पांजरपोळ होता. अमावास्येला रानातल्या जनावरांनी दिलेला दानाचा चारा उतू जाई आणि मग पंधरवडाभर उपास. एकदा आंधळी म्हैस आसरा मागत आली. कारभारी बैल खिलाऱ्या म्हणाला, “चारा नाही, परत जा.”

त्याची नात तांबू कालवड भडकली. “आजोबा, मागे शेणाचा डोंगर पडलाय. त्याचं खत सशांच्या मळ्याला देऊ, बदल्यात रोज चारा घेऊ.”

“सेवेच्या जागी धंदा? लाज नाही वाटत?”

“हिला उपाशी हाकलायची वाटते!”

तांबूने म्हशीला आत घेतलं. दोघींनी शेण-पाला तुडवून खत केलं. सशांचा मळा तरारला, रोज चारा येऊ लागला आणि दार कुणालाच बंद राहिलं नाही.

आता खिलाऱ्या दारातून सशांना दरडावतो, “रांगेत या रे, खत संपत आलंय!”