भिंतीवरचा यम

फार पूर्वी, डोंगराआडच्या एका गावात एक चितारी राहत होता. देवादिकांची चित्रं तो छानच काढी, पण त्याचं नाव झालं ते यमाच्या चित्राने. लालभडक डोळे, वर चढलेल्या मिशा, हातात फास, खाली फुरफुरणारा रेडा. आल्यागेल्याला दिसावं म्हणून ते त्याने घरातल्या भिंतीवरच रंगवलं होतं. बघून पोरं आयांच्या पदराआड दडत आणि चिताऱ्याला कोण आनंद होई!

पुढे त्याच भिंतीसमोर त्याच्या म्हाताऱ्या आईने अंथरूण धरलं. अन्न सुटलं, पण डोळ्याला डोळा लागेना. "तो बघतोय रे माझ्याकडे," असं ती पुटपुटे. लेक तिच्या उशाशी रात्र रात्र जागायचा.

एका पेंगुळलेल्या दुपारी दारात एक वाटसरू आला. कुत्रं भुंकलं नाही. चिताऱ्याने गूळपाणी दिलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिथे नुसतं धुकं. पाहुणा कोण, हे त्याला न सांगताच कळलं.

"रोज येतो आणि उंबऱ्यावरून परत फिरतो," पाहुणा म्हणाला. "इतक्या भ्यालेल्या माणसाला मी नेत नाही. मला चेहरा नाही बाबा, तुम्ही द्याल तो घेऊन येतो. हे चित्र आहे तोवर तुझी आई राहील. पण अशीच राहील."

 चितारी उठला, त्याने शेणमाती कालवली आणि रडत रडत आपलं सगळ्यांत नावाजलेलं चित्र सारवून टाकलं.

भिंत वाळेपर्यंत तो आईच्या उशाशी बसला. आयुष्यात तुला सगळ्यांत गोड काय वाटलं, असं त्याने विचारलं. आई सांगू लागली. नवव्या वर्षी लग्न झालं, सासर लांब. दिवाळीला माहेरी न्यायला थोरला भाऊ मुराळी म्हणून यायचा. शेताच्या बांधावर त्याचं पागोटं दिसलं की तिच्या हातातलं काम गळून पडायचं.

चिताऱ्याने तेच रंगवलं. धुळीने भरलेले पाय, खांद्यावर शिदोरी, मागे झूल घातलेली बैलजोडी.

दिवस कलला तेव्हा पाहुणा उंबरा ओलांडून आत आला. त्याच्या डोक्यावर पागोटं होतं.

"किती उशीर केलास दादा," आई हसून म्हणाली. मग तिने लेकाच्या गालावरून हात फिरवला, "येते हं बाळा," म्हणाली आणि शांतपणे डोळे मिटले.

चितारी ढसाढसा रडला. पण त्या भिंतीकडे बघून पुन्हा कुणी भ्यालं नाही.

तात्पर्य: मरण नुसतं थोपवून माणूस सुखी होत नाही, पण आपल्या माणसाला ते कुठल्या रूपात भेटेल, हे पुष्कळदा आपणच रंगवत असतो.